आई, तुझ्या फोडणीचा दोष नाही

उट्रेख्त (नेदरलँड्स), रविवार

ती. आईस साष्टांग नमस्कार,

मी बरा आहे. पहिल्याच ओळीत लिहितो, कारण गुड्डीनं माझ्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचं सांगून टाकल्यापासून तू फोनवर "जेवला का" एवढंच विचारते आणि गप्प होते. तू गप्प झाली की मलाही काही सुचत नाही, म्हणून हे पत्र. जवसाची चटणी, मेथीदाणे, अर्जुनसालीची पुडी, सगळं पोचलं. चटणी संपत आली. बाकीचं डब्यात पडून आहे, खोटं कशाला बोलू.

तुझं म्हणणं, सावजी बंद कर, फल्ली तेल मोजून घे, सकाळी लसूण खा, गोळी कशाला? करून पाहिलं मी. चार महिने उकडलेलं, ओट्स, डाळी, तेल चमच्यानं. इथं आकडा वेगळ्या मापात सांगतात. माझं वाईट कोलेस्टेरॉल "६.४" ऐकून मी आधी खूश झालो होतो, आपल्या मापात ते २४८ निघालं. चार महिन्यांच्या तपश्चर्येनंतर २२१. आता गोळीवर ११६ आहे, आणि तेही रविवारी पोहे खाऊन.

डॉक्टरीणबाईंनी मी काय खातो हे नंतर विचारलं. आधी मोजे काढायला सांगितले आणि टाचेच्या मागची जाड शीर (रक्ताची नाही, स्नायू हाडाला बांधणारी) दोन बोटांच्या चिमटीत धरून पाहिली. मग विचारलं, वडिलांची अशीच होती का? आई, मला बाबांची टाच आठवली. ती गाठ, जिला आपण सायकलचं घट्टं म्हणायचो. तू रात्री एरंडेल चोळायची. ते घट्टं नव्हतं, शिरेत साठलेलं कोलेस्टेरॉल होतं. डोळ्यातल्या बुबुळाभोवतीची पांढुरकी कडसुद्धा त्याचीच. चाळिशीत ती कड दिसायची आणि आपण म्हणायचो, बाबांचे डोळे आजोबांवर गेले. खरंच गेले होते.

झालं असं आहे की रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल जेवणातून येत नाही, शरीर स्वतःच बनवतं. ते उचलून घ्यायला यकृताच्या पेशींवर दारं असतात. आपल्या घराण्यात ती निम्मीच चालतात. कॉटन मार्केटात ट्रक येतच राहिले आणि एकच गेट उघडं ठेवलं तर काय होईल? दोन ट्रक कमी पाठवून गर्दी थोडी हटते, पण गेट तेवढंच राहतं. पथ्याचं तसंच आहे. ही दारं अमेरिकेतल्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन या दोघांनी शोधली, १९८५ चं नोबेल मिळालं त्यांना. व्हॉट्सअ‍ॅपवरचं नाही हे.

म्हणजे बाबा तुझ्या रस्स्यानं गेले नाहीत. वडाभातावर तू तेलाची धार सोडायची, त्यानंही नाही. पहिल्या अटॅकनंतर सहा वर्षं तू घरात तर्री केली नाही, आणि ते गेल्यावर अकरा वर्षं स्वतःही खाल्ली नाही. कोणाची शिक्षा भोगून राहिली तू? (खर्र्याच्या तंबाखूचं मात्र मी बाबांना माफ करत नाही. ते त्यांचं त्यांनी केलं.)

आणि ते पेपरातलं कात्रण, "लसूण-जवसाने हृदय निरोगी", फ्रिजवर मी चिकटवलं होतं. त्यानंतर महिनाभरात बाबांनी गोळी सोडली. तू कधी बोलली नाही. मीही नाही.

असो. इथली एक गंमत सांगतो. या लोकांच्या संडासात कॅलेंडर असतं. हसू नको, घरोघरी आहे. त्यावर साल नसतं, वार नसतो, फक्त तारखा आणि नातेवाईकांचे वाढदिवस, म्हणजे तेच कॅलेंडर वर्षानुवर्षं चालतं. रोज नजर पडावी म्हणून तिथं टांगतात म्हणे. बरं, वाढदिवसाला गेलं की खुर्च्या गोल मांडलेल्या. ज्याचा वाढदिवस त्याचं तर अभिनंदन करायचंच, पण त्याच्या आईचं, मेहुण्याचं, शेजारणीचंही हात मिळवून करायचं. पहिल्यांदा मी चौदा जणांचे हात धरले आणि केकचा तुकडा मिळाला एक. पण यांचं आजारपणातही तसंच आहे. एकाला हे कोलेस्टेरॉल निघालं की अख्ख्या खानदानाला तपासणीचं बोलावणं. १९९४ पासून हे पद्धतशीर सुरू झालं इथं.

आता गुड्डीचं. वर्ध्याचं स्थळ चांगलं आहे, मुलगा मला आवडला. पण तिची टेस्ट लग्नानंतर करू असं जे तू मामाजींजवळ बोलली, ते नको. बाबांकडून आम्हा दोघांनाही अर्धी-अर्धी शक्यता होती, माझा नंबर लागला. तिला नसेल तर पेढे वाट. असेल तर आत्ताच कळू दे, कारण मूल होण्याच्या विचारात असताना या गोळ्या बंद ठेवायला सांगतात, त्याचं वेळापत्रक डॉक्टरांना आधी आखता येतं. त्या लोकांनाही सांगू. मोडलं तर मोडलं. "खानदानी रोग" म्हणतील म्हणून घाबरू नको. आणि जन्मभर गोळी म्हणून तू डोळ्यात पाणी काढते, तुझी थायरॉईडची गोळी वीस वर्षं चालू आहे, त्याचं कोणी रडतं का?

तुझ्या खात्यात ६०,००० टाकले आहेत. आधी गुड्डीच्या रक्ताचं, मग हॉलवाल्याचा अ‍ॅडव्हान्स. रंगकाम पुढच्या महिन्यात बघू. दिवाळीला येणं जमत नाही, सुट्टी लग्नासाठी राखून ठेवली आहे. माझ्या लग्नाचं आता काढू नको, जिच्याशी होईल तिला आधी हे सगळं सांगावं लागेल, अजून तेवढं धाडस नाही.

मामाजींना, आजीला नमस्कार.

तुझा,
बबलू

ता. क. गुड्डीची टाच दाबून पाहशील, मला माहीत आहे. साधी लागली तरी टेस्ट करच. माझीही जेमतेम जाड होती. आणि या रविवारी पोह्यांवर तर्री घे. एक वाटी. फोटो पाठव.