रेडिओवाल्या काकांना, एका बेसवाल्याकडून

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

परवा मंडईच्या जत्रेतल्या नाटकात दुसऱ्या अंकातला तो प्रसंग आला, बाप लेकीला निरोप देतो तो. ऑर्गनवाल्या भाऊंनी सूर धरला, तबला थांबला आणि मी बेस गिटारची खालची ई तार हलकेच छेडून व्हॉल्यूम सावकाश वर नेला. खरखर नाही, घूंऽऽ नाही. समोर बसलेल्या बाया डोळ्यांना पदर लावत होत्या, आणि मला तुमचं दुकान आठवत होतं. मागच्या हंगामात नेमक्या अशाच जागी माझ्या बेसने एवढ्या मोठ्याने खर्रकन आवाज केला होता की नटाला वाक्य अर्ध्यावर सोडावं लागलं. त्या रात्री घरी परतताना मी कोणाशी बोललो नाही.

तुम्ही माझा बेस दुरुस्त केलात आणि मेहनतीचे पैसे घेतले नाहीत. सामानाचे 640 रुपये मोजून घेतले आणि वरची नोट माझ्याच खिशात कोंबली. म्हणून आभार चार लोकांसमोर मानतो आहे. शिवाय आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत माझ्यासारखी पोकळ बेस गिटार कोणाकडे असेल, तर त्यालाही तुम्ही काय केलंत ते कळावं.

माझा बेस व्हायोलिनच्या घाटाचा. हा घाट जर्मनीच्या हॉफ्नर कंपनीने 1950 च्या दशकात आणला आणि बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीने 1961 मध्ये हॅम्बुर्गला तसा बेस घेतल्यावर तो जगभर पोचला. माझा म्हणजे त्याची नाव नसलेली नक्कल, एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुना घेतलेला. पण आतून पोकळ, वजनाला हलका, आणि आवाज असा गोल की ऑर्गनखाली अंथरलेल्या सतरंजीसारखा बसतो. शहरातल्या एका दुकानात दाखवला तर त्यांनी हातातही न घेता सांगितलं, "याच्यात पैसे घालू नका, नवीन घ्या." मी ऐकलं नाही. मात्र घाबरून भली मोठी यादी केली: दोन नवे पिकअप (तारांचा कंप विजेत उतरवणारे), लोखंडी ब्रिज (तारा टेकतात ती घोडी), चकाकणाऱ्या मोठ्या खुंट्या, सगळे पॉट (आवाज-टोनच्या बटणांखालचे). ब्रिज तर मागवूनही टाकला होता.

ती यादी घेऊन तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारलंत, "बिघडलं काय, ते पायलं का बापू?" मी पाहिलंच नव्हतं.

मग तुम्ही मीटर काढलंत. गळ्याकडचा पिकअप 7.6 किलोओहम रोध दाखवत होता, म्हणजे धडधाकट. घोडीजवळचा काहीच दाखवेना. मी म्हटलं, मेला. तुम्ही त्याची पट्टी उलगडलीत, भिंग लावलंत आणि केसापेक्षा बारीक तांब्याची तार जिथे जाड वायरला जोडतात नेमकी तिथेच तुटलेली दाखवलीत. ब्लेडच्या टोकाने तिच्यावरचं लाखेसारखं आवरण खरवडलंत, श्वास रोखून एक डाग दिलात, आणि मीटरचा आकडा उठला. माझ्या यादीतले दोन्ही पिकअप तिथेच कटले. तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने ते मला आनंदाने विकले असते, काका.

पॉट मात्र खरंच गेले होते. 500 के, म्हणजे किलोओहम, लिहिलेला एक पॉट 312 दाखवत होता, आणि फिरवला की आकडा उड्या मारायचा. तुम्ही आधी क्लीनर मारून पाहिलं, आठ दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. नवे घेताना मी 250 के घेणार होतो, कारण ते सहज मिळत होते. तुम्ही थांबवलंत. हे पिकअप दोन कॉइलचे, आवाज आधीच जाड. पॉट जितका लहान तितकी सुरातली वरची धार अर्थमध्ये निघून जाते, आणि मग नुसती गुरगुर उरते. म्हणून 500 केच, आणि व्हॉल्यूमला लॉगवाला, म्हणजे सुरुवातीला हळू चढणारा, कारण कानाला आवाज तसाच सारखा चढत गेल्यासारखा वाटतो. आकाराचं तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पोकळ बेसला मागे झाकण नसतं. आत जाणारी प्रत्येक वस्तू त्या एफच्या आकाराच्या फटीतूनच जायची. 24 मिलिमीटरचा पॉट तिथे अडकला असता. तुम्ही पट्टीने फट मोजून 16 मिलिमीटरचे आणायला लावलेत. त्यांची मानही बारीक, त्यामुळे पातळ प्लायवूडमधली भोकं मोठी करायची वेळ आली नाही.

वरची धार कापणाऱ्या टोनच्या कपॅसिटरसाठी तुम्ही 473 (0.047 मायक्रोफॅरड) आणि 223 (0.022) असे दोन्ही जुन्या डबीतून काढलेत आणि क्लिपा लावून मलाच वाजवायला लावलंत. 473 ने टोन बंद केला की सूर चिखलात बुडायचा. 223 ने मऊ व्हायचा, पण कळायचा. मी महागड्या कपॅसिटरचं विचारलं तर म्हणालात, "पिकअपातून येऊन येऊन किती व्होल्ट येते? पन्नास व्होल्टाचा लय झाला." तेव्हापासून मी याबाबतीत कोणाच्या बोलण्याला भुलत नाही.

लोखंडी ब्रिज परत करायला लावलात, तो तर उपकारच. तो स्क्रूने ठोकायचा, आणि खाली ठोकळाच नाही, नुसता पातळ पत्रा म्हणावा असा प्लाय. चार तारांचा मिळून 60 किलोच्या आसपासचा ओढा त्या स्क्रूंवर आला असता, तर वरचं लाकूड उचकटलं असतं. लाकडी घोडी नुसती तारांच्या दाबाने उभी असते, तशीच राहू द्यायची. नवी घोडी तुम्ही शिसवीच्या तुकड्यातून करवलीत. मग बेसच्या वरच्या फुगीर लाकडावर पॉलिश पेपर उताणा ठेवलात आणि घोडी त्याच्यावर मागेपुढे घासत राहिलात, अर्धा तास, पायाखालून उजेडाची रेघ दिसेनाशी होईपर्यंत. काकू दोनदा चहा ठेवून गेल्या. आधी जो सूर टपकन मरायचा तो आता लाकडात उतरतो, हे मला पहिल्या छेडीलाच कळलं. जागाही तुम्ही कानाने पक्की केलीत: बाराव्या पडद्यावर नुसता स्पर्श करून येणारा स्वर आणि दाबून येणारा स्वर एक होईपर्यंत घोडी सरकवायची, मग पेन्सिलची खूण. तारा एकदम सगळ्या काढायच्या नाहीत, एकेक बदलायची, हेही तेव्हाच शिकलो.

खुंट्या किराणा दुकानाच्या काट्यावर तोलल्यात हे मी सगळ्यांना सांगतो. मला हव्या होत्या त्या एकेक शंभर ग्रॅमच्या वर. एवढ्या हलक्या अंगाच्या बेसला त्या लावल्या असत्या तर पट्ट्यावर मान सारखी खाली झुकली असती, आणि रात्रभर डाव्या हाताने ती सावरत बसलो असतो. साठ ग्रॅमवाल्या घेतल्या. स्क्रूंची सैल भोकं तुम्ही आगपेटीच्या काड्या आणि फेविकॉलने भरलीत.

सगळी वायरिंग पुठ्ठ्यावर भोकं पाडून बाहेरच केलीत. मग प्रत्येक पॉटच्या दांड्याला काकूंचा शिवणाचा दोरा, जॅकला सलाईनची नळी, आणि फटीतून आत सोडून एकेक ओढून जागेवर. तिसरा पॉट आत उलटा झाला तेव्हा मी हात टेकले होते. तुम्ही दोरा सैल सोडून बेस कानाजवळ हलवलात आणि पुन्हा ओढलात.

सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी. तारा अडकवतात त्या टेलपीसला जोडणारी अर्थची वायर तुटलेली होती, ती जोडल्यावर घूं गेलं. पण तुम्ही म्हणालात, आता तारा थेट अँपच्या पेटीला जोडल्या गेल्या. गावोगावी जनरेटरवर अर्थिंग नसतं, पेटीत करंट उतरला तर तो तुझ्या बोटांत येईल. मला अर्थिंगसाठी लोखंडी सळई दिलीत, ओल्या जागी ठोकायची, पाणी ओतायचं, आणि बेसची तार हातात घेण्याआधी तिला टेस्टर लावायचा. या हंगामात एका गावी टेस्टरचा दिवा पेटला, काका. मी बेस खाली ठेवला, जनरेटरवाल्या भाऊला बोलावलं, नाटक वीस मिनिटं उशिरा सुरू झालं. माझ्या घरच्यांना हे अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो आहे.

होळीपर्यंत तारखा आहेत. जवळच्या गावी प्रयोग असेल त्या दिवशी सायंकाळीच गाडी पाठवीन. काकूंनाही आणा, त्यांच्या दोऱ्याचं रीळ माझ्याकडेच राहिलं आहे.

तुमचा,
वैनगंगेकाठचा बेसवाला