जुगारात बुडालेला पैसा एकदा मोजा: वित्त व नियोजन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वित्त व नियोजन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
स. न. वि. वि.

मी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत वसुलीचं काम बघतो. २०२४ च्या दिवाळीनंतर एका थकबाकीदाराच्या घरी गेलो होतो. पोरगा टेम्पो चालवणारा, वय सत्तावीस. वडिलांनी बँकेचं स्टेटमेंट पुढे ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, तुम्हीच वाचा. मला त्यातलं काही उमगंना." भाड्याचे पैसे जमा झाले की त्याच तारखेला पाचशे-पाचशेच्या सात-आठ ओळी, मग चार दिवस पन्नास आणि शंभर. ओट्यावर बसून मी पेन्सिलने बेरीज केली. सात महिन्यांत गेमच्या अ‍ॅपवर गेले ३ लाख १२ हजार. तिथून परत आले १ लाख ९० हजार. बुडाले १ लाख २२ हजार.

या तीन रकमा मला तेव्हापासून सोडत नाहीत. अ‍ॅपवाले उलाढाल म्हणून पहिली सांगणार, पोरगा मित्रांना दुसरी सांगत होता, आणि घर भरत होतं ते तिसरी. जगभर जुगाराचा हिशेब ठेवताना हीच वजाबाकी करतात: लावलेला पैसा वजा वाटलेली बक्षिसं. ब्रिटनमध्ये जुगार नियामक आयोग हा आकडा प्रसिद्ध करतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्याचं सांख्यिकी कार्यालय सगळ्या राज्यांची अशी आकडेवारी एकत्र छापतं. आपल्याकडे ही वजाबाकी कोण करतं?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्याचं मी मनापासून स्वागत केलं. तेव्हा केंद्र सरकारने सांगितलं की ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ बसली आणि २० हजार कोटी रुपयांहून अधिक बुडाले. भागाकार करून बघा, माणशी साधारण ४४४ रुपये येतात. चारशे रुपयांनी कुणाचं घर मोडत नाही, महोदय. मोडतं ते सरासरीच्या पलीकडे असलेल्या माणसांचं. ती माणसं किती, कुठल्या जिल्ह्यातली, कुठल्या वयाची आणि कशाचं कर्ज काढून खेळणारी, हे त्या दोन आकड्यांतून कळत नाही.

बंदीनंतर तर मोजणी जास्त गरजेची आहे. तो पैसा घरात राहिला की परदेशी अ‍ॅपवर गेला, की पुन्हा आकड्याच्या चिठ्ठीकडे वळला? मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर लागणाऱ्या आकड्यांच्या जुगारातून निघालेला मटका आज फोनवर चालतो. त्याचा सरकारी हिशेब काय, तर धाडीची बातमी: रोख रक्कम, मोबाइल, चिठ्ठ्या, "मुद्देमाल जप्त". गुन्हे किती नोंदवले हेही छापून येतं. पण गुन्ह्यांची संख्या ही पोलिसांच्या कामाची मोजणी झाली, धंद्याची नव्हे.

जिथे हिशेब ठेवायचा असतो तिथे तो ठेवला जातोच. रेसकोर्सवर घोड्यांवरच्या पैजा नोंदवणाऱ्या टोटच्या यंत्रात रुपयान् रुपया नोंदला जातो. राज्याच्या लॉटरीची तिकीटविक्री आणि बक्षिसं सरकारच्याच दप्तरात आहेत. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर कापला जाऊ लागला आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून खेळाडूने भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. म्हणजे बंदीपर्यंतच्या कायदेशीर कंपन्यांची माहिती केंद्राच्या करखात्यांकडे आहे. ती जिल्हावार मागून घ्या.

राज्याला अधिकार नाही असं कुणी म्हणू नये. जुगार आणि सट्टा हा राज्यसूचीतला विषय आहे, नोंद ३४. सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ राज्य सरकारला अधिसूचना काढून माहिती गोळा करू देतो. त्याच कायद्याखाली लोकांनी दिलेली माहिती गुप्त राहते. घराघरांत खरं उत्तर मिळवायचं असेल तर ही हमी फार मोलाची आहे, कारण पोलिसांच्या भीतीने कुणीच तोंड उघडत नाही. बायका तर नाहीच.

आपल्याच नियोजन विभागाखाली अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे. अर्थसंकल्पाच्या आधी येणारी "महाराष्ट्राची आर्थिक पाहणी" तेच तयार करतं. त्या पाहणीत जुगारावर एक प्रकरण द्या. लॉटरी, रेस, ऑनलाइन, मटका, आणि गोव्याच्या कॅसिनोंत जाणारा इथला पैसाही. मटक्याचा अंदाज नमुना पाहणीतूनच येईल, तो ढोबळ असेल, तरी चालेल. कसा काढला तेवढं लिहा. कॅसिनोंना परवाने देणारा १९७६ चा कायदा आपल्या राज्यात कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. तो लागू करा म्हणणारे महसूल सांगत होते, नको म्हणणारे उद्ध्वस्त संसार. दोघांच्याही हातात मोजलेलं असं फार थोडं होतं.

आमच्याकडून सुरुवात मी केली आहे. आमच्या अर्जात "कर्जाचे कारण" असा रकाना आहे. त्या टेम्पोवाल्या पोराच्या अर्जावर तिथे "घरगुती अडचण" लिहिलंय, अक्षर माझंच आहे. मागचे अर्ज काढले तर पानोपानी तेच दोन शब्द. त्यातले किती खरे, मला सांगता येत नाही. संचालक मंडळाच्या पुढच्या सभेसाठी "खेळातील देणी" असा वेगळा रकाना मागणारा अर्ज मी दिला आहे. तो मंजूर झाला तर नावं वगळून आमचे आकडे आपल्या संचालनालयाला दरमहा पाठवीन. फक्त ते घेणारा अधिकारी नेमून द्या.

कळावे,
आपला नम्र,
एका ग्रामीण पतसंस्थेचा वसुली कर्मचारी