तुला अठरा पूर्ण व्हायच्या आधी

बाळा,

फोनवर हे बोलता येत नाही. फोन लावला की आज्जी हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसतात आणि पप्पा आत टीव्हीचा आवाज कमी करतात, म्हणून लिहायलेय. मोठं होणार आहे, अभ्यास झाला की रात्री निवांत वाच, वाचून डिलीट केलीस तरी चालेल.

पुढच्या महिन्यात तुला अठरा पूर्ण होतात. तुझ्या कुठल्याच वाढदिवसाची या घरात एवढी वाट कुणी बघितली नव्हती. आत्या तर मागच्या वेळी आल्या तेव्हा कॅलेंडरवर त्या तारखेला पेनानं गोल करून गेल्या. दादाला तुझी किडनी द्यायची म्हणून, ते तुला कळलंय, नाहीतर हॉस्टेलवरनं फोन करून "आई, माझा ग्रुप दादाशी जुळतो ना" असं मधेच कशाला विचारलीस. तेव्हा आज्जी बाजूला होत्या. आता सांगते सगळं.

दादाचं तुला तुकड्या तुकड्यानं कळलंय. बेळगावला उद्यमबागेत कामाला जायचा तेव्हा सकाळी उठला की तोंड सुजलेलं असायचं, मग उलट्या सुरू झाल्या, जेवण जाईना, दवाखान्यात नेलं तर बीपी २०० च्या वर आणि किडनी किती बिघडली ते दाखवणारं क्रिएटिनिन थेट ९. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसलेल्या. इतक्या आकसल्यावर तुकडा काढून तपासला तरी काही कळत नाही म्हणाले डॉक्टर, त्यामुळे तेवीस वर्षांच्या पोराला हे झालं कशामुळे हे आजपर्यंत कुणीच सांगू शकलेलं नाही. हे "कशामुळे" ध्यानात ठेव, पुढं लागणार आहे.

आता रक्ताच्या ग्रुपचं. माझा बी, पप्पांचा ए आणि वर त्यांना शुगर, दादाचा ओ. ओ वाल्याला फक्त ओ ची किडनी चालते. ग्रुप न जुळताही करतात, पण त्याला आधी रक्तातल्या अँटीबॉडी काढायच्या, महागडी इंजेक्शनं, खर्च लाखांनी वाढतो. दुसऱ्या कुटुंबाबरोबर अदलाबदल करता येते, स्वॅप म्हणतात, २०११ च्या कायदा दुरुस्तीनं त्याला परवानगी दिलीय, पण त्यात ओ पेशंटचं नशीब खोटं, कारण ज्या घरात देणारा ओ असतो तो आपल्या माणसाला सरळच देतो, अदलाबदलीला येतोय कशाला. राहिलीस तू. तुझ्या कॉलेजच्या आयकार्डावर ओ पॉझिटिव्ह छापलंय, तेवढं बघूनच आपल्या घरात पेढे वाटायचे बाकी राहिले होते. टिश्यू मॅचिंग नाही, क्रॉसमॅच नाही, तुझी साधी लघवी तपासलेली नाही, आणि ठरवून मोकळे.

आत्यांचापण ओच आहे गे! मी एकदा म्हटलं, वन्सं तुम्हीपण टेस्ट करून बघा की. तर म्हणे कायद्यात आत्या जवळची नातेवाईक धरत नाहीत. ते खरंच आहे, आई-बाप, भावंडं, मुलं, नवरा-बायको, आजी-आजोबा, नातवंडं एवढेच जवळचे. पण बाकीच्यांना बंदी नाही, परवानगी देणाऱ्या कमिटीपुढं जाऊन सांगावं लागतं की मायेपोटी देतोय, पैसे घेऊन नाही. हे मी बोलले तर त्यांना एकदम बीपी असल्याचं आठवलं आणि चहा न घेता गेल्या.

त्याच आत्यांनी फॅमिली ग्रुपवर ती केरळची बातमी टाकली ना, सतरा वर्षांच्या पोरीनं बापाला लिव्हर दिलं ती, खाली पन्नास हात जोडलेले. तू बघितलीस आणि काही बोलली नाहीस. त्या बातमीत काय आहे ते आत्यांनी वाचलंच नाही. अठराच्या आतल्या जिवंत मुलाचा अवयव घेता येत नाही असा नियम आहे, अगदीच अपवाद असला तर सगळं लेखी कारण देऊन सरकारची आधी परवानगी लागते. ती पोरगी स्वतः हायकोर्टात गेली, २०२२ च्या डिसेंबरात कोर्टानं तिला परवानगी दिली. तिनं मागितली होती. तिच्या आत्यानं कॅलेंडरवर गोल केला नव्हता. दुसरं म्हणजे ते लिव्हर, कापून दिलेला भाग काही महिन्यांत भरून येतो. किडनी परत उगवत नाही. आणि लिव्हर बंद पडलं तर माणूस वर्षानुवर्षं टिकवून ठेवणारं मशीन नाही, तिकडं वेळच नव्हता. दादाला मशीन आहे, डायलिसिसचं. आठवड्यातनं तीनदा चार-चार तास, हातात फिस्टुला, म्हणजे सुया टोचायला ऑपरेशन करून जोडलेली शीर, दिवसाला एक लिटर पाणी त्यात चहा आमटी सगळं आलं, केळं नाही, शहाळं नाही, भाजी उकळून पाणी ओतून द्यायचं. हे जगणं बरं आहे असं मी म्हणत नाही, त्याचा चेहरा बघवत नाही मला मशीनवरनं उठल्यावर. पण तो जगतोय आणि आपल्याला वेळ आहे, तुझ्या वाढदिवसाला धरून काही जळत नाही.

आज्जींचं उलटं. त्या म्हणतात पोरीची किडनी काढायची नाही म्हणजे नाही. मला आधी बरं वाटलं, म्हटलं चला कुणीतरी तुझ्या बाजूनं आहे. तर पुढं म्हणाल्या, एका किडनीच्या पोरीला कोण करून घेणार. म्हणजे एकीला तुझी किडनी भावासाठी पाहिजे आणि दुसरीला ती पुढच्या सासरच्यांसाठी राखून ठेवायची आहे, आणि पप्पा दोघींच्या मधे गप्प. दोन महिने झाले असतील ते आणि मी धड बोललेलो नाही. त्यांच्यावर राग धरू नको. ते रात्री उठून दादा श्वास घेतोय का बघतात, मी झोपल्याचं सोंग करते. दिवसभर कागद घेऊन पळतात, इकडचं आरोग्य कर्नाटकचं कार्ड, तिकडं महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना लागू केली त्याच्यामागं कोल्हापूरला. आपल्या लोकांचं असंच, दोन सरकारं भांडतात आणि आपण झेरॉक्स काढत फिरायचं. ते मला एकच वाक्य म्हणतात, दोन्ही माझीच पोरं आहेत ना, मग एकाकडनं दुसऱ्याला गेलं तर बिघडलं काय. त्यावर मी म्हटलं, तुमची आहेत म्हणून तुमचं काढून द्या, तिचं ते तिचं आहे. तेव्हापासून ताट वेगळं घेतात.

दादाचं सांगते. डायलिसिसला आम्ही बसनं जातो, शक्ती योजनेत बायकांना बस फुकट म्हणून माझं तिकीट झिरो, फक्त त्याचं काढायचं. परत येताना तो बहुतेक झोपतो. त्या दिवशी जांबोटी क्रॉसच्या अलीकडं डोळे मिटूनच म्हणाला, आई तिला विचारू नका, ती हो म्हणेल. एवढंच. मी विचारलं अरे मग चांगलंच की. तर म्हणाला, तिला नाही म्हणता येत नाही, लहानपणापासून माझी सायकलपण तीच पुसायची. आणि परत झोपला, का झोपल्यासारखं केलं माहीत नाही. हे ऐकल्यापासून मी ठरवलं की तुला लिहायचं.

म्हणून मी एकटी त्या ट्रान्सप्लांटच्या कोऑर्डिनेटर बाईंना भेटून आले. त्यांनी बरंच सांगितलं, नंतर डॉक्टरांनीपण. देणाऱ्याला सहसा काही होत नाही, ऑपरेशनमध्ये जीव जायचा धोका दहा हजारात तीनच्या आसपास, राहिलेली किडनी थोडी मोठी होऊन बरंचसं काम उचलते. हे खरं आहे, तुला घाबरवायला लिहीत नाही. पण पन्नाशीच्या बाईनं देणं आणि अठराच्या पोरीनं देणं यात फरक आहे, तुला त्या एका किडनीवर साठ-सत्तर वर्षं काढायचीत. पुढं गरोदरपणात बीपी वाढायचा धोका वाढतो, कॅनडात बघितलं होतं तेव्हा किडनी दिलेल्या बायकांत शंभरात अकरा जणींना तो त्रास झाला आणि न दिलेल्यांत पाच जणींना. आता ते "कशामुळे". दादाचा आजार घराण्यातला असला तर तो तुझ्यातपण लपलेला असू शकतो, आणि त्या वयात दिसत नाही. तेवीसाव्या वर्षी त्याला झालं तर तू अठराव्या वर्षी ठणठणीत आहेस याला अर्थ काय? म्हणून इतक्या लहान भावंडाचं घ्यायला डॉक्टर स्वतःच कचरतात. आणि दिलेली किडनीपण जन्माला पुरत नाही, जिवंत माणसाची असली तर साधारण पंधरा-वीस वर्षं, तीपण गोळ्या रोज वेळेवर घेतल्या तर. दादाला चाळीशीत परत लागणार आहे. तेव्हा घरात कोण असेल, हे आत्यांनी कॅलेंडरवर लिहिलेलं नाही.

तुझे हक्क काय ते नीट वाच. अठरा झाल्यावर तुझ्या सहीशिवाय कुणी काही करू शकत नाही, आईबापाची सही चालत नाही. टेस्टलासुद्धा तू नाही म्हणू शकतेस, नुसतं "ग्रुप बघूया" म्हणून रक्त द्यायचीपण सक्ती नाही. तुझी मुलाखत होते, तिचं व्हिडिओ शूटिंग होतं, आणि देणारी बाई असली तर तिची स्वतःची मर्जी आहे की नाही हे घेणाऱ्याला सोडून दुसऱ्या माणसाकडनं खात्री करून घ्यायची असं नियमातच लिहिलंय. उगाच लिहिलेलं नाही ते. आपल्या देशात किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, आई देते, बायको देते, बहीण देते, आणि सगळ्या "मनापासून" देतात. हो म्हटल्यावर ऑपरेशनच्या दिवशी सकाळीसुद्धा नको म्हणता येतं. कागद कन्नड-इंग्लिशमध्ये असतात, तुला येतंय वाचायला, पण तरी मराठीत समजावून सांगा म्हणायचं, तेवढा वेळ आपोआप मिळतो. कोऑर्डिनेटर बाई म्हणाल्या, एखादीला द्यायचं नसलं तर आम्ही घरच्यांना फक्त "मेडिकली बसत नाही" एवढंच सांगतो, आतलं कारण बाहेर जात नाही. चांगली सोय आहे. पण तुला तिच्यामागं लपायची गरज पडू नये असं मला वाटतं, तुझं नाही आलं तर घरात मी सांगेन, माझ्या तोंडानं, आत्यांच्यासमोर. तू काय या घराची स्टेपनी नाहीस.

आता माझं. मला तुझी किडनी त्याच्यासाठी नको आहे असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. रात्री दोनला त्याला धाप लागते, उशा लावून बसवते, तेव्हा मी जे मागते ते देवाला आणि मला माहीत. तो माझ्या पोटचा आहे. आणि म्हणूनच या बाबतीत तू माझंपण ऐकू नको. मी रडले तर माझ्या रडण्याला हो म्हणू नको. मी मधेच कधी फोनवर "बघ बाळा काय ते" म्हटलं तर हे पत्र उघडून वाच, हेच खरं, फोनवरची आई दमलेली असते.

दोन गोष्टी केल्यात त्या सांगते. एक, दवाखान्यामार्फत दादाचं नाव ब्रेनडेड माणसाच्या किडनीसाठी राज्याच्या यादीत, जीवसार्थकतेमध्ये, घालायला दिलंय. पप्पा म्हणत होते घरात देणारी असताना यादी कशाला, मी त्यांना न विचारता कागद दिले. ओ ची रांग लांब असते, वर्षं जातात, पण नाव आज घातलं तर नंबर आजपासून लागतो. दुसरं, माझ्या टेस्ट सुरू केल्यात, ग्रुप न जुळता करायचं झालं तर मी बसते का बघायला. आज्जींना माहीत नाही, तूपण बोलू नको.

वाढदिवसाला घरी येऊ नको. मावशीकडं जा, तिला मी सांगितलंय, ती काही विचारणार नाही. तुला कधी स्वतःहून यावरचं विचारायचं असलं, एक वर्षानं, तीन वर्षानं, तर विचार, आपण दोघी त्या डॉक्टरांकडं जाऊ आणि मी बाहेर बसेन. कधीच विचारायचं नसलं तर नको. मला फोन करायचा तर मंगळवारी, गुरुवारी नाहीतर शनिवारी दुपारी कर, दादा मशीनवर असतो, मी बाहेरच्या बाकड्यावर असते, तिथं आपलं कुणी नसतंय ऐकायला.

केमिस्ट्रीचा पेपर आधी आहे ना, तो बघ. दादाला फोन कर पण तब्येत विचारू नको, दिवसभर सगळे तेच विचारतात, मॅचचं काहीतरी बोल. आणि मावशीकडं जाताना आधार कार्ड बरोबर घे, मागच्या वेळी विसरलीस आणि धारवाडपासनं पूर्ण तिकीट काढलीस.

आई