आण्णा, पैसे माझ्या पगारातून कापत नाहीत

कार्ल्सरूहे, जर्मनी
फेब्रुवारी २०२५

ती. आण्णा आणि आई यांना,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. थंडी उतरणीला लागली आहे, खोकला पूर्ण गेला. जेवणाचं नेहमीचंच. कांदा-लसूण मसाला अजून अर्धा डबा आहे, त्यामुळे आईने पार्सलचा घाट घालू नये.

आण्णा, परवा फोनवर तुमचा आवाज जरा चढला होता. ‘कुठल्या चेंबरच्या नादी लागलीस, सक्तीची वर्गणी घेतात आणि वर फुकट राबवून घेतात’ असं आत्याने तुम्हाला सांगितलेलं दिसतं. उद्यमनगरच्या असोसिएशनच्या बैठकीत मांडायला माहिती हवी, असंही तुम्हीच म्हणालात. चेंबर म्हणजे इथली उद्योग-व्यापाऱ्यांची संस्था, आणि तिच्यासाठी मी शिकाऊ पोरांच्या परीक्षेला परीक्षक म्हणून बसते. दोन्हींचं उत्तर एकदाच नीट लिहिते, फोनवर ते अर्धवट राहतं.

माझ्या पगारातून एक सेंटही कापत नाहीत. सभासद मी नाही, कंपनी आहे. इथे कारखाना टाका, दुकान काढा किंवा घरबसल्या मोबाईलची कव्हरं विका, धंद्याची नोंद नगरपालिकेत करावी लागते. ती नोंद परस्पर त्या भागाच्या उद्योग-व्यापार चेंबरकडे जाते आणि तुम्ही सभासद होता. अर्ज नाही, विचारणा नाही. (लोक त्याला आद्याक्षरांनी ‘ईहाका’ म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुणाचं आडनाव वाटलं होतं.) सुतार, न्हावी, गवंडी यांचं कारागिरांचं चेंबर वेगळं. डॉक्टर, वकील, शेतकरी यात येत नाहीत. देशात अशी ७९ चेंबरं आहेत, प्रत्येकाचा मुलूख ठरलेला, आणि कायदा १९५६ चा.

वर्गणीचे दोन भाग असतात: एक ठरावीक रक्कम आणि एक नफ्यावरची टक्केवारी. टक्केवारी प्रत्येक चेंबर स्वतः ठरवतं. व्यापारी नोंदवहीत नाव नसलेल्या एकट्या धंदेवाल्याचा वर्षाचा नफा ५,२०० युरोपर्यंत असेल तर त्याला काहीच द्यावं लागत नाही. नव्याने धंदा काढणाऱ्या अशाच माणसाला, नफा २५,००० युरोच्या आत असेल तर, पहिली दोन वर्षं पूर्ण माफी मिळते. टक्केवारी लावतानाही नफ्यातले पहिले १५,३४० युरो सोडून देतात. म्हणजे नफा ३०,००० आणि दर समजा ०.२ टक्के असेल, तर १४,६६० वर २९ युरोच्या आसपास, अधिक ठरावीक रक्कम. आपल्याकडे गणपतीच्या वर्गणीला याहून जास्त जातात, हे आत्याला सांगा.

कुरकुर इथेही आहेच. काही व्यापारी थेट घटना न्यायालयात गेले. ते न्यायालय आमच्याच गावात, राजवाड्याच्या बागेशेजारी आहे. २०१७ मध्ये त्याने सक्ती योग्य ठरवली. त्याच वर्षी हॅम्बुर्गच्या चेंबरमध्ये ‘वर्गणी बंद करू’ म्हणणाऱ्या गटाने ५८ पैकी ५५ जागा जिंकल्या. वर्गणी काही बंद झाली नाही, कारण कायदा केंद्राचा. निवडणुकीत मात्र मोठ्या कारखान्याला एक मत आणि कोपऱ्यावरच्या दुकानालाही एकच. शिवाय धंद्यांचे गट पाडून जागा वाटलेल्या असतात, त्यामुळे एकच धंदा सगळी सभा खाऊन टाकत नाही. निवडून आलेल्यांना मानधन नसतं. आणि चेंबरने फक्त धंद्याशी संबंधित विषयांवरच बोलायचं. दिल्लीच्या जागी इथे बर्लिन. तिथल्या, सगळ्या चेंबरांच्या शिखर संस्थेने भलत्या राजकीय विषयांवर मतं दिली, म्हणून २०२० मध्ये कोर्टाने एका चेंबरला त्या संस्थेतून बाहेर पडायला सांगितलं होतं. आपल्या असोसिएशनच्या शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमांना हा नियम लावला तर वर्षात किती बैठका उरतील, ते तुम्हीच मोजा.

आता फुकट राबण्याचं. ही एक गोष्ट आपल्याकडे कुणाला पटत नाही, म्हणून जरा लांबण लावते.

दहावी-बारावीनंतर मुलगा किंवा मुलगी कंपनीशी शिकाऊपणाचा करार करते. आठवड्यात तीन-चार दिवस कंपनीत काम, एक-दोन दिवस सरकारी शाळा. औद्योगिक मेकॅनिकला, म्हणजे आपल्या फिटर-मशिनिस्टला, साडेतीन वर्षं लागतात. पहिल्या वर्षाचा किमान भत्ता २०२५ साठी महिन्याला ६८२ युरो ठरला, पुढच्या वर्षांना वाढत जातो. करार चेंबरच्या वहीत नोंदवावा लागतो. शिकवणाऱ्या माणसाकडे शिकवण्याची वेगळी परीक्षा पास झाल्याचा दाखला हवा, कितीही मुरलेला मिस्त्री असला तरी. चेंबरचा सल्लागार कंपनीत येऊन बघतो की पोराला खरंच यंत्रावर उभं करतात की नुसता झाडू देतात.

आणि परीक्षा शाळा घेत नाही, कंपनीही घेत नाही. चेंबर घेतं. म्हणजे प्रत्यक्षात कोण? मंडळात कमीत कमी तीन माणसं: कंपन्यांच्या बाजूचा एक, कामगारांच्या बाजूचा एक, शाळेचा एक शिक्षक. कंपन्यांचे आणि कामगारांचे सभासद नेहमी सारख्या संख्येने. मी कंपन्यांच्या बाजूने आहे. नेमणूक जास्तीत जास्त पाच वर्षांची, पगार नाही, वेळेचा आणि प्रवासाचा थोडा भत्ता. २०२० पासून कंपनीने परीक्षकाला परीक्षेसाठी कामावरून मोकळं करणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तेव्हा आण्णा, शनिवार वाया जातो तो थोडाच.

मेकॅनिकची परीक्षा दोन भागांत होते. पहिला भाग साधारण दीड वर्षाने, ४० टक्के गुणांचा: जास्तीत जास्त आठ तास, त्यात कामाचा जॉब, म्हणजे घडवायचा नग, मध्येच दहा मिनिटांपर्यंत तोंडी प्रश्न आणि ९० मिनिटांचा लेखी पेपर. दुसरा शेवटी, ६० टक्के. त्यात कंपनी स्वतःच्या वर्कशॉपमधलं खरं काम निवडू शकते, १८ तासांचं, आणि मग मंडळापुढे अर्ध्या तासापर्यंत चर्चा. १०० पैकी ५० ला पास. नापास झालं तर आणखी दोनदा बसता येतं, आणि पोराने मागितलं तर करार पुढच्या परीक्षेपर्यंत, जास्तीत जास्त एक वर्ष, वाढतो. धातूकाम आणि विजेच्या धंद्यांचे पेपर स्टुटगार्टच्या चेंबरचा एक विभाग सगळ्या देशासाठी काढतो, म्हणजे आमच्या गावचा ७८ आणि हॅम्बुर्गचा ७८ एकाच तराजूतले.

घोळ कुठे होतो? सगळ्यात जास्त नोंदवहीत. पोराने काय काम केलं ते दर आठवड्याला लिहायचं, त्याने आणि शिकवणाऱ्याने सही करायची. वही अपुरी असेल तर परीक्षेला बसता येत नाही, आणि शेवटच्या महिन्यात एका बैठकीत लिहिलेली वही शाईच्या रंगावरून लगेच ओळखू येते. दुसरा घोळ खऱ्या कामाच्या अर्जात: बेअरिंग बदललं एवढंच लिहितात. आम्ही परत पाठवतो. काम आखणं, करणं, तपासणं आणि ताब्यात देणं, हे चारही दिसायला हवेत. नाहीतर चर्चेत विचारायला काही उरतच नाही. तिसरा घोळ मापात. जॉब सुरेख, पण मायक्रोमीटर शून्याला लावून बघितलेला नसतो.

न पटणारा भाग हा, की या मंडळात समोरासमोर धंद्यातले वैरी बसलेले असतात. मी ज्या पोराला प्रश्न विचारते तो आमच्या गिऱ्हाईकावर डोळा असलेल्या कंपनीचा. तुम्ही म्हणाल, पोरगा दाखवला की दुसरा मालक पळवणार. पळवतात, नाही असं नाही. पण सगळेच शिकवत असतात, त्यामुळे जे एकाकडून जातं ते दुसरीकडून येतं. आणि कागदावर परक्याची सही असते, म्हणून तो कागद कुठेही चालतो. उद्यमनगरात तुमच्या हाताखाली तयार झालेला माणूस तुमच्या शब्दावर चालतो, पण तुमचा शब्द पुण्यात कुणाला ठाऊक?

म्हणून असोसिएशनला माझं म्हणणं एवढंच: इमारतीचा निधी बाजूला ठेवा. तीन वर्कशॉप धरा, एकाच मापाचा एक जॉब काढा, आणि एकाचा पोरगा दुसऱ्या दोघांनी आणि आयटीआयच्या एका सरांनी तपासायचा. सरकारची शिकाऊ योजना आहेच. स्टायपेंडचा २५ टक्के भाग, महिन्याला कमाल १,५०० रुपये, मिळतो. ती पोर्टलची नोंद पाटीलकाकांच्या मुलाला येते. परक्याने तपासायचं, ही सवय मात्र पोर्टलवर मिळत नाही.

जमिनीच्या बाबतीत चेंबर काय करतं, ते थोडक्यात. नगरपालिका नवीन वस्ती आखते तेव्हा चेंबरचं मत मागवावं लागतं. कारखान्याला खेटून घरं येणार असतील तर चेंबर तेव्हाच हरकत घेतं, कारण पाच वर्षांनी तीच माणसं आवाजाची तक्रार करून रात्रपाळी बंद पाडतात. उद्यमनगरच्या चारही बाजूंना घरं आली तेव्हा कुणी बोललं नाही, हे तुम्हीच सांगता.

प्रदर्शनाला माल नेण्याचं विचारलं होतंत. त्याला कार्ने काढतात: वर्षभर चालणारी वही, म्हणजे परत आणायच्या नमुन्यांवर दुसऱ्या देशात जकात पडत नाही. इथे चेंबर देतं, आपल्याकडे फिक्की ही उद्योग-व्यापाऱ्यांची राष्ट्रीय संघटना. यादीत प्रत्येक नग, वजन, किंमत. निघताना, पोचल्यावर, तिथून निघताना आणि घरी आल्यावर, चारही शिक्के हवेत. घाईत एक राहिला की माल तिथेच विकला असं धरून जकातीची नोटीस येते. वाटायच्या वस्तू आणि खाण्याचे पदार्थ त्यात टाकायचे नाहीत.

आणि बंडूला सांगा, इकडे यायला एजंटला लाखभर रुपये द्यायची गरज नाही. फिटरच्या दोन वर्षांच्या आयटीआयची इथल्या शिक्षणाशी तुलना न्यूरेंबर्गचं एक केंद्र करतं, जवळपास सगळ्या चेंबरांचं मिळून ते उभं केलेलं आहे. फी १०० ते ६०० युरो. दाखला, अभ्यासक्रम, कामाची पत्रं यांचं अधिकृत भाषांतर लागतं. कामाच्या पत्रात ‘चांगला मुलगा आहे’ याचा उपयोग नाही. कोणतं मशीन, काय काम, किती महिने, हे लिहून आणायला सांगा. बहुतेकदा अर्धी मान्यता मिळते आणि काय कमी आहे ते लिहून देतात. त्याला निराश होऊ नको म्हणावं. नोकरीचा करार आणि जर्मन भाषेची ए-टू ही प्राथमिक पातळी असेल तर इथे येऊन उरलेलं शिकण्याची सोय २०२४ पासून आहे. भाषा आधी. ते तो ऐकणार नाही, माहीत आहे.

आता राहिलेलं. या महिन्यात मशीनच्या हप्त्याला वीस हजार कमी पाठवले आहेत. हीटरचा वर्षाचा हिशेब आला, दर वर्षी येतो, यंदा जरा जास्त आला. काळजीचं काही नाही, मार्चमध्ये भरून काढते. बँकेला सांगू नका, तुम्ही सांगायला जाल म्हणून लिहिते.

संदीपच्या लग्नाचा मुहूर्त आणि इथला लेखी पेपर एकाच आठवड्यात आलेत. मंडळात बदली सभासद असतो. मी तो मागितला, पण तारीख कळल्यावर लगेच मागायला हवा होता, तिथे चुकले. हळदीच्या दिवशी सकाळी पोचेन, सहा दिवस राहीन. साखरपुड्याला नव्हते, याचं संदीप काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

सांगलीच्या स्थळाला ‘मुलगी परत येणार’ असं सांगू नका. ‘येणार नाही’ असंही नको. मी आल्यावर स्वतः बोलेन, आत्याने मध्ये पडू नये.

साडी घेतली असेल तर फोटो पाठवा. माझ्यासाठी घेऊ नका म्हटलं होतं, पण आईने घेतलीच असेल. ब्लाउजला माप जुनंच द्या.

तुमची
शुभा