वडिलांच्या नावाचा रकाना

स्टुटगार्ट, रविवार रात्र

प्रिय दिग्या,

सापडलं. ओमाच्या, म्हणजे माझ्या सासूच्या, आजोबांच्या वडिलांचं नाव सापडलं, आणि तेव्हापासून मला धड झोप नाही. कातरीनला सांगितलंय, मीराने दाराआडून ऐकलंय, ओमाला अजून कुणी काही बोललेलं नाही. घरातल्या कुणापेक्षा ही भानगड तुला जास्त कळेल. आक्कांच्या पेटीतल्या त्या कागदावरून आपण किती महिने अबोला धरला होता, आठवतं ना?

तुझ्या पत्रांना उत्तर गेलं नाही. शिव्या घालायच्या त्या घाल, पण हे आधी वाच. तब्येती सगळ्यांच्या ठीक. गुडघा आहे तसाच आहे.

ओमा आता सत्त्याऐंशीची. नाताळात सगळे जेवून उठले तेव्हा तिने मला एकट्याला थांबवलं आणि म्हणाली, माझ्या आजोबांचा बाप कोण, ते मरायच्या आधी कळलं तर बरं वाटेल. पोटच्या मुलीला नाही, मला सांगितलं. तिच्या घरात हा विषय कधी निघालाच नव्हता. आजोबांचा जन्म 1871 चा. ओमा लहान असताना तिने वडिलांना एकदा विचारलं होतं, तर ते जेवणावरून उठून गेले होते. पुन्हा कुणी विचारलं नाही.

1871 म्हणजे सरकारी नोंदवहीच्या आधीचं. जर्मनीभर जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली ती 1 जानेवारी 1876 पासून. त्याच्या मागचं सगळं चर्चमध्ये. या व्युर्टेंबेर्गात ड्यूक क्रिस्टोफने 1559 साली चर्चची मोठी नियमावली काढली. त्या सुमारापासून गावोगावचे प्रोटेस्टंट पाद्री बाप्तिस्मे आणि लग्नं लिहीत आले, मृत्यूही लिहू लागले. यातल्या बऱ्याच वह्या आता घरबसल्या पैसे भरून पाहता येतात. नाहीतर म्योरिंगेनला चर्चच्या दप्तरखान्यात जायचं. मी दोन्ही केलं. मोडी तू मंडळात शिकलास तशी मी ही कुरेंट, जुनी जर्मन हस्ताक्षराची लिपी शिकलो. त्यात ई आणि एन जवळजवळ सारखे, यू ओळखायचा तो डोक्यावरच्या चंद्रकोरीवरून. लिहिणारा घाईत असला की तीही गायब. तारखेच्या जागी कधीकधी नुसतं रविवाराचं नाव असतं, मग ईस्टरपासून मोजत बसायचं. तू असतास तर खूश झाला असतास, तिथी-वाराची तुझी हौस फिटली असती.

आणि सगळ्यांची नावं तीच रे! निम्म्या मुली आना मारिया, निम्मे मुलगे योहान काहीतरी. मूल गेलं की पुढच्याला तेच नाव. बाप्तिस्म्याच्या नोंदीत नावाशेजारी एक बारीक क्रूस दिसला की समजायचं, हे मूल गेलं. एका विणकराच्या घरी याकोब, पुन्हा याकोब, पुन्हा याकोब. पहिल्या दोघांपुढे क्रूस. तिसऱ्यापुढे नाही, हे पाहून मला इतकं बरं वाटलं की मी कातरीनला हाक मारून ते पान दाखवलं.

ओमाच्या प्रश्नासाठी गरज नसताना मी 1635 पर्यंत मागे गेलो, हे तुला सांगायलाच हवं, कारण तूही तेच केलं असतंस. 1634 साली नोर्डलिंगेनच्या लढाईत प्रोटेस्टंट बाजू हरली, सैन्यं या मुलखावरून गेली आणि पुढच्या वर्षी प्लेग आला. मृत्यूच्या वहीत आधी एकेका माणसाला चार-चार ओळी आहेत: वय, आजार, प्रवचनासाठी कुठलं वचन घेतलं ते. मग नुसती नावं. मग ‘त्याचं मूल’, ‘तिचं मूल’, नावंही नाहीत. आणि एका पानाच्या मध्यावर अक्षरच बदलतं. पाद्री स्वतः गेला होता. नव्याने आधी त्याचं नाव लिहिलं आणि पुढची नावं लिहीत राहिला. त्या रात्री मी वही मिटली आणि उठून मीरा झोपली आहे का ते पाहून आलो.

असो. 1871 चं पान.

आई: विणकराची मुलगी, दुसऱ्याच्या घरी कामाला. वडिलांच्या रकान्यात आडवी रेघ. इथवर मला अपेक्षितच होतं. पण आईच्या नावाखाली, त्याच शाईत, त्याच हाताने, अगदी बारीक अक्षरात एक ओळ आहे: मुलीच्या सांगण्यानुसार बाप अमुक अमुक, शेजारच्या गावचा गुरांचा व्यापारी, इस्रायेली. इस्रायेली म्हणजे ज्यू, तेव्हा असंच लिहीत. दिग्या, मी ते अक्षर अक्षर लावून वाचलं, मग कागदावर उतरवून पुन्हा लावलं. तेच येत होतं.

आता दुसरी वस्तू. ओमाने शिवणाच्या डब्याखालून वडिलांची एक पातळ पुस्तिका काढून दिली होती. आनेनपास, म्हणजे पूर्वजांच्या नोंदींची पुस्तिका. 7 एप्रिल 1933 चा कायदा झाला आणि सरकारी नोकरांना आपण ‘आर्य’ असल्याचे पुरावे द्यावे लागले. आजी-आजोबांपर्यंत जन्माचे किंवा बाप्तिस्म्याचे सात दाखले, लग्नाचे तीन. जुने दाखले चर्चमध्येच, म्हणून ती सगळी वर्षं पाद्री दाखले लिहीत बसले होते. ओमाचे वडील 1903 चे, रेल्वेत नोकरीला. त्यांच्या पुस्तिकेत आजोबांच्या घरात लिहिलंय: अज्ञात. खाली चर्चचा शिक्का, पाद्र्याची सही, साल 1936.

म्हणजे वहीत नाव आहे आणि दाखल्यात नाही. जन्मतारीख बरोबर उतरवली आहे, मुलीच्या बापाचा धंदा बरोबर उतरवला आहे. ती एक ओळ तेवढी उतरवलेली नाही. ती त्याच्या डोळ्यांसमोर होती.

इथून माझं डोकं फिरायला लागतं. त्या पाद्र्याने हे का केलं? बर्लिनमध्ये त्याच 1936 साली कार्ल थेमेल नावाच्या पाद्र्याच्या हाताखाली शहरातल्या चर्चच्या वह्या एका कचेरीत गोळा झाल्या. बाप्तिस्मा घेतलेले ज्यू त्यातून हुडकून काढले, त्यांची कार्डं केली आणि ती माहिती नाझींच्या वंशखात्याला दिली. वह्या त्याच, पेशा तोच. आणि इथे एका खेड्यातला माणूस गप्प राहून ‘अज्ञात’ लिहितो आणि शिक्का मारतो. त्याला दया आली? की नुसतं मुलीचं सांगणं म्हणजे पुरावा नव्हे, असं त्याने प्रामाणिकपणे मानलं? की ओमाचे वडील जाऊन त्याच्यासमोर बसले होते? ओमाच्या बोलण्यात एक गोष्ट नेहमी येते: दर नाताळात वडील त्या पाद्र्याच्या विधवेकडे वाइनची बाटली घेऊन जायचे, तिच्या शेवटापर्यंत. चर्चला मात्र क्वचितच. आम्ही सगळे त्याला शेजारधर्म समजत होतो.

तर ते वाचले, त्यांची नोकरी वाचली, लग्न टिकलं, 1938 साली ओमा झाली. मग मी दुसऱ्या बाजूने शोधलं, आणि ते शोधायला नको होतं असं कातरीन म्हणते. मला तसं वाटत नाही. इथल्या ज्यूंच्या वह्या वंशखात्याने ताब्यात घेतल्या होत्या आणि युद्ध संपत आलं असताना त्यांच्या फिल्म काढून घेतल्या. मूळ वह्या गेल्या, फिल्म उरल्या. ज्यांना माणसं संपवायची होती त्यांच्याच कामातून आज त्या माणसांची नावं मिळतात. हे सहन होत नाही, पण त्या फिल्म नसत्या तर मला काहीच मिळालं नसतं. त्या व्यापाऱ्याचं पुढे त्याच्या समाजात लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली. 1 डिसेंबर 1941 ला स्टुटगार्टहून सुमारे हजार ज्यूंना गाडीने रीगाला पाठवलं. त्यांना आधी किलेसबेर्गवर गोळा केलं होतं. उत्तर स्टेशनाजवळ जिथून गाड्या सुटल्या तिथे आता भिंत आहे, भिंतीवर नावं आहेत. त्याची एक नात त्या भिंतीवर आहे.

मुलगी खरं बोलली असेल, तर ही नात म्हणजे ओमाच्या वडिलांची चुलत बहीण. आणि ते रेल्वेत होते. छोट्या स्टेशनातल्या मालकचेरीत, स्टुटगार्टला नव्हे, त्या गाडीशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण रेल्वेतच होते. ओमा हे ऐकल्याबरोबर हाच विचार करणार, मी तिला ओळखतो.

मी फ्रॉयडेंटालला जाऊन आलो. तिथलं 1770 चं सिनेगॉग अजून उभं आहे. 1938 मध्ये आतून मोडलं होतं, पण इमारत राहिली. गावकुसाशी द्राक्षमळे, मागे श्ट्रोमबेर्गचे डोंगर. बाजूच्या ब्राकेनहाइमचाच तो बासेल मिशनचा म्योगलिंग, मंगळूरला जाऊन 1843 मध्ये कन्नडातलं पहिलं वर्तमानपत्र काढणारा. तुझे मामा धारवाडला बासेल मिशनच्या शाळेत होते, त्यांना सांग, त्यांना आवडेल. मी तिथल्या बाकावर बसून या दोघांचा विचार करत होतो. ती वीस-एकवीस वर्षांची मोलकरीण, तो गुरं घेऊन गावोगाव फिरणारा. तिने त्याचं नाव पाद्र्याला सांगितलं. सांगून तिला काय मिळणार होतं? लग्न होणं अवघड, अब्रू गेलेलीच. दुसरं एखादं सोयीचं नावही तिला सांगता आलं असतं. म्हणून मला तिचं म्हणणं खरं वाटतं, आणि त्या मुलीबद्दल मला फार माया वाटते.

आता घरातलं. कातरीन म्हणते, आईला झोपू दे, सत्त्याऐंशीव्या वर्षी बापाबद्दल नवं काही कळायची गरज नाही. मीरा सोळाची, तिचं एकच: तिचे आजोबा आहेत, तुमचे नाहीत, आणि तिने विचारलंय. रागाने म्हणाली. अगदी तुझ्या आवाजात म्हणाली रे. कारण तू आक्कांच्या कागदाच्या वेळी मला हेच सुनावलं होतंस: कागद ज्याचा, त्याने विचारलं, मग मधे उभा राहणारा तू कोण? आणि मी म्हणालो होतो, वाचता येतं म्हणून वाचून दाखवायलाच हवं असं नाही. आक्का त्यानंतर कित्येक दिवस मागच्या पडवीत बसून राहायच्या, ते मी पाहिलंय, आणि त्याबद्दल मी आजही तुझ्याशी भांडेन. पण शेवटी शेवटी त्या तुझ्याच हातचं जेवायच्या, माझ्या नाही, हेही पाहिलंय.

माझा कल सांगण्याकडे आहे. ओमा काही कच्ची नाही. युद्ध पाहिलंय, वडील 1948 पर्यंत रशियात कैदेत होते तेव्हा आईबरोबर मळे खणलेत. तिला बाप म्हणून मिळालेला तो मुका माणूस का मुका होता, हे तिला कळलं तर कदाचित त्याच्यावरचा तिचा राग उतरेल. तिला आयुष्यभर वाटत आलंय की वडिलांना ती नकोशी होती. हे तिनेच एकदा मला सांगितलंय. एवढ्यासाठी तरी सांगावं असं मला तीव्रतेने वाटतं. पण भिंतीवरचं नाव? तेही त्याच दमात? 1871 ची ओळ एक गोष्ट, 1941 ची दुसरी. पहिली तिने मागितली आहे, दुसरी मागितलेली नाही. आणि पहिली दिली की दुसरी ती स्वतः विचारणार, त्याच बैठकीत विचारणार, कारण या देशात तिच्या वयाच्या कुणालाही तोच प्रश्न सुचेल.

पुढच्या रविवारी तिच्याकडे जेवायला आहे. मी त्या पानाची छापील प्रत काढून ठेवली आहे, आणि खाली साध्या अक्षरात उतरवलंय, मोठ्या टायपात.

म्हणून तुला विचारतोय, आणि हे मी तुला कधीच विचारलं नाही, सगळा वेळ भांडण्यातच गेला: आक्कांना तू तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सलग वाचून दाखवलास, की मधे थांबून विचारलंस, पुढे वाचू का म्हणून? आणि त्या काय म्हणाल्या? तेवढं मला रविवारच्या आत कळव. फोन केलास तरी चालेल, पण रात्री कर, कातरीन झोपल्यावर.

तुझा,
अव्या

ता.क. सुमीचं ठरलं हे बंड्याकडून कळलं, फार आनंद झाला. मुलगा हुबळीचा म्हणजे जवळच, वहिनींची काळजी मिटली. लग्नाला येणारच, तारीख पक्की झाली की आधी मला कळव, तिकिटं काढायची आहेत. तुझ्या मोतीबिंदूचं काय झालं तेही लिही, आणि येणाऱ्या कुणाबरोबर कुंदा पाठव, मीराला अर्धा किलो पुरत नाही.