आमच्या मजल्यावरच्या सिस्टरना

सिस्टर,

समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही ‘जा गं, काहीतरीच’ म्हणत कुकर लावायला उठता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. लालबागच्या आमच्या चाळीत तुम्हाला नावाने कुणी हाक मारत नाही, मीही मारत नाही.

पित्ताशयातल्या खड्यांचं माझं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, पोटावर चार बारीक छिद्रं. टाके काढायला यायची कटकट नको म्हणून वरून ग्लू लावला होता. मीही खूश. तिसऱ्या रात्री खाज सुटली. त्यात ऑक्टोबरचा घाम. ऑपरेशन झालं तिथे फोन केला, तर पलीकडच्या मुलाने न बघताच ‘इन्फेक्शन असेल’ म्हणून अँटिबायोटिक बदललं. दोन दिवसांत पाण्याने भरलेले बारीक फोड.

तुम्ही बॅटरी घेऊन आलात. ताप विचारलात आणि मग हात न लावता नुसतं बघत बसलात. बेंबीजवळ उजेड धरून म्हणालात, “ही लाली बघ. ग्लू संपतो तिथेच संपते. इन्फेक्शन असं फूटपट्टीने आखल्यासारखं येत नाही गं.” पू नाही, ताप नाही, दुखण्यापेक्षा खाज जास्त. वर विचारलंत, “खोटी नखं लावली होतीस कधी?”

पोट कुठे नि नखं कुठे! मी हसलेच. पण भाचीच्या लग्नात लावली होती, आणि नंतर आठवडाभर बोटांची टोकं खाजून लाल झाली होती. सगळं बिल मी मेंदीवर फाडलं होतं. नखांचा ग्लू, पापण्यांचा ग्लू, फेव्हिक्विक आणि ऑपरेशनचा ग्लू ही सगळी सायनोॲक्रिलेट नावाच्या चिकट रसायनाची भावंडं, हे तुम्ही सांगेपर्यंत माझ्या गावीही नव्हतं. अंगाने एकाशी वैर धरलं, म्हणजे ॲलर्जी झाली, की दुसरं भावंड आलं तरी अंग पेटू शकतं, आणि तेही लगेच नाही, दोन-तीन दिवसांनी. लावला तेव्हा काहीच झालं नव्हतं, म्हणून ग्लूवर माझा संशयच गेला नाही.

मी ग्लूची खपली ओढायला गेले तेव्हा केवढ्यांदा ओरडलात! “मी डॉक्टर नाही. उद्या केईएम हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीला.” सकाळी केसपेपरच्या रांगेत तुम्ही माझ्याआधी उभ्या. तिथल्या डॉक्टरबाईंनी जखमा मिटल्याची खात्री केली, व्हॅसलीनने ग्लू सैल करून अलगद सोडवला आणि स्टेरॉइडचं मलम दिलं. त्या रात्री मी झोपले.

पुढे नक्की कशाची ॲलर्जी ते बघायला पॅच टेस्ट केली. गंमत म्हणजे ग्लूबरोबर चिकटपट्टीवरही संशय असलेल्या बाईच्या पाठीला चिकटपट्टीनेच संशयित पदार्थ लावतात! 48 तास पाठ भिजवायची नाही. शेजारणींनी नाकाला पदर लावला असेल तर मी समजू शकते. पट्ट्या काढल्या तेव्हा एक ठिपका जेमतेम गुलाबी होता. 96 तासांनी तोच लालभडक, हाताला लागेल इतका वर आलेला. तो ग्लूचा. कापडी चिकटपट्टीतली चिकट राळ मात्र निर्दोष सुटली, तिला मी उगाच शिव्या घातल्या होत्या.

फाइलवर लाल पेनाने ‘सायनोॲक्रिलेटची ॲलर्जी, ग्लू लावू नये’ असं तुम्ही लिहिलंत, आणि तेच एका चिठ्ठीवर लिहून माझ्या पाकिटात कोंबलंत. गेल्या महिन्यात पाठीवरची चरबीची गाठ काढायची होती. ‘कसली ॲलर्जी?’ असं विचारल्यावर नेहमीचं ‘नाही’ ओठांवर आलं होतं. मग चिठ्ठीच पुढे केली. चार टाके पडले, आठव्या दिवशी काढले, कातडी स्वच्छ.

तुमची बॅटरी अजून माझ्याकडेच आहे. सेल घालून रविवारी आणून देते. कुकर आधीच लावून ठेवा.

तुमची,
खोली नंबर 14