माकड आणि कावळा: तुलना कशाची करावी?

महोदय,

‘माकड हुशार की कावळा?’ हा प्रश्न वर्तमानपत्रांतून वारंवार येतो आणि उत्तर बहुधा मेंदूच्या वजनावरून दिले जाते. ते चूक आहे. कॅपुचिन माकडाचा मेंदू सुमारे ५० ग्रॅमचा, रेव्हन या मोठ्या कावळ्याचा १४ ग्रॅमच्या आसपास. तरीही २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार मेंदूच्या वरच्या, गुंतागुंतीची कामे करणाऱ्या भागातील चेतापेशी दोघांतही शंभर कोटींच्या वर आहेत. पक्ष्यांत त्या दाटीने बसलेल्या असतात.

त्यापेक्षा अवजारे पाहावीत. ब्राझीलमधले दाढीवाले कॅपुचिन ताडवर्गीय झाडाचे टणक फळ खडकातल्या खळग्यात ठेवते, फिरवून, आपटून ते पक्के बसवते आणि मग किलोभराचा दगड दोन्ही हातांनी उचलून त्यावर घालते. मादीचे स्वतःचे वजन जेमतेम दोन किलो असते! पिल्लांचे फसते ते बहुधा फळ बसवण्यात: ते निसटून उडते. दगड हलका निवडला तर कवच फुटत नाही, ठिसूळ निवडला तर दगडच फुटतो. हात बसायला काही वर्षे जातात.

प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा कावळा दगड वापरत नाही, अवजार घडवतो. दुबेळक्याची एक फांदी तो तोडतो, दुसरी सांध्याच्या किंचित खाली तोडतो, पाने काढतो आणि सांध्याचा उरलेला तुकडा चोचीने कोरून आकडा करतो. केवड्याच्या जातीतील झाडांच्या काटेरी कडेपासूनही तो पायऱ्यापायऱ्यांची पट्टी कापतो: धरायला रुंद, टोकाला निमुळती. फटींत दडलेले किडे या पट्टीने बाहेर निघतात.

२००२ साली ऑक्सफर्डमधल्या बेटी नावाच्या याच जातीच्या कावळीने सरळ तार वाकवून आकडा केला, तेव्हा तो सुचलेल्या नव्या युक्तीचा पुरावा मानला गेला. पुढे २०१६ मध्ये दिसले की रानातून पकडलेले कावळेही लवचिक काड्या वाकवतात. म्हणजे ती हालचाल त्यांच्या नेहमीच्या सवयीतलीच असू शकते. बेटीचे कौतुक त्याने संपत नाही, पण निष्कर्ष मात्र बदलतो.

म्हणून विनंती, की अशी बातमी देताना नेमकी जात कोणती, प्राणी रानातला की पिंजऱ्यातला आणि चाचणीचे उपकरण हातासाठी बनवले होते की चोचीसाठी, एवढे तरी छापावे.

– एक प्राणिवर्तन अभ्यासक